सोळा वर्षांचा बोका

आमच्या बोक्याने सोळावं ओलांडलं आणि त्याला घरात जिथे तिथे बाथरूम दिसू लागलं. जागेत प्राणी पाळायचे नाहीत, ही घरमालकांची पहिली अट. त्यामुळे ते न सांगता दारात उभे राहिले, तेव्हा मी बोक्याला कपाटात कोंबलं. वास कुठे कोंबणार?

मालकांनी नाकाला रुमाल लावला. "इथे मांजर आहे. आजच्या आज त्याला बाहेर काढा, नाहीतर महिनाअखेर तुम्ही निघा."

रोज त्याच बोक्याच्या नावाने खडे फोडणारी माझी आई सोफ्यावर बसली होती. तिने मान खाली घातली.

"मांजर कसलं हो! मीच ती. वय झालं, बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर धीर निघत नाही."

मालक ओशाळले. रुमाल खिशात घालून ते आईजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"मावशी, तुमची कमाल आहे. आमची आई काही केल्या कबूल होत नाही. कुणावर तरी ढकलायला हवं, म्हणून आम्हाला एक मांजर पाळावं लागलंय."