खिडकीकडचं टोक

इस्त्रीच्या टेबलावर एका बाजूला शर्ट, दुसऱ्या बाजूला ढापणीचा कागद आणि मध्ये हॉस्पिटलचं बंद पाकीट. पाकीट सकाळी अकराला आलं होतं. आता चार वाजत आले होते. लाँड्रीची मालकीण शिडी ते उघडायला तयार नव्हती. "एवढे बारा शर्ट होऊ देत," म्हणाली होती. बाराचे वीस झाले होते.

शिडीच्या काखेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता, त्याचा निकाल पाकिटात होता.

ढापणी आणि शिडी ही शाळेतली नावं. एकीचा चष्मा गेला नाही, दुसरीची उंची गेली नाही, मग नावं तरी कशी जाणार? ढापणी विमा कंपनीत होती. कुठल्या वयाची किती माणसं मरतात याचे तक्ते करण्यात तिची अठ्ठावीस वर्षं गेली होती. त्यात एकही आकडा तिनं इकडचा तिकडे केला नव्हता. साहेबांनी सांगूनही नाही.

"आमच्या तक्त्याप्रमाणे आपल्या वर्गाच्या अडतीस मुलींमधल्या दोन-तीन जायला हव्या होत्या," ती म्हणाली. "आपल्या नऊ गेल्या, त्याही पंचावन्नच्या आत. काहीतरी कारण असणारच."

"नववी गेली तेव्हापासून हेच चाललंय तुझं."

कागदावर वर्गातल्या अडतीस जणींची नावं होती. नऊ नावांखाली लाल रेघ. पुढे रकाने: रक्तगट, शाळेच्या विहिरीचं पाणी, लग्नाचं वय, रंगाच्या कारखान्यामागची घरं. रकाना भरून झाला की ढापणी त्यावर काट मारायची. असे अठरा झाले होते.

शिडीनं इस्त्री उभी केली आणि कागद स्वतःकडे फिरवला.

"कारखान्याचा का खोडलास? नवांतल्या सात तिथल्याच की."

"दोन उरतात ना."

"आणि विहिरीचा? त्यात तर आठ."

ढापणीनं चष्मा काढून पुसायला घेतला.

"मी सांगते. तिथं मी राहायचे आणि ते पाणी मी प्यायचे. ज्या रकान्यात मी सापडते तो तू खोडतेस. ऑफिसात असं केलं असतंस तर हाकललं असतं तुला."

ढापणीचे कान लाल झाले. तरी तिनं पर्समधून घडी घालून विरलेला एक कागद काढला. शाळेच्या शेवटच्या वर्षी, पहिल्याच आठवड्यात, बाईंनी तिच्याकडून वर्गाचा नकाशा काढून घेतला होता. कोण कुठल्या बाकावर, सगळं नावानिशी. त्याची एक प्रत तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

"हा शेवटचा रकाना. एका बाकावर दोघी, बरोबर? गेलेल्या नऊच्या नऊ बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला बसायच्या. एकही निसटत नाही. आपल्या बाकावर खिडकीकडे मी, दाराकडे तू. तू सुटलीस."

"त्यातल्या तिसरीला ट्रकनं उडवलं. ट्रकला काय माहीत, ती कुठल्या टोकाला बसायची?"

"ते मला विचारू नकोस. आकडे बघ."

"आणि तू गं? तू अडकलीस की."

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी."

तिनं स्वतःच्या नावापुढे खूण आधीच केली होती. चांगली ठसठशीत, कागद फाटेल इतकी दाबून. शिडीला हसू आलं. तिनं त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"सहामाहीनंतर आपण जागा बदलल्या होत्या," ती म्हणाली.

"कधी?"

"अगं, तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि घरी सांगायला तू घाबरत होतीस. खिडकीकडून फळा चमकायचा, तुला काही दिसायचं नाही. मी म्हटलं, ये इकडे, मी बसते तिकडे."

ढापणीला आठवलं. आठवत नाही म्हणता आलं असतं, नकाशा तिच्या बाजूनं होता. तिनं खोडरबर उचललं आणि परत खाली ठेवलं. हाही रकाना खोडला तर पुढचा शोधायला हवा, आणि पुढचा तिच्याजवळ नव्हता.

"मग काय लिहू?"

"खरं ते लिही. अर्धं वर्ष तू, अर्धं वर्ष मी."

अशा रकान्यात खूण म्हणजे एक, नाहीतर शून्य. तिसरं काही ढापणीनं आजवर लिहिलं नव्हतं. तिनं आपल्या नावापुढची खूण खोडली, तिथं अर्धा लिहिला. मग शिडीच्या नावापुढे अर्धा लिहिला.

शिडीनं इस्त्रीचं बटण बंद केलं. स्टूल ओढून ती ढापणीच्या शेजारी बसली आणि पाकीट तिच्यापुढे सरकवलं.

"वाच तू," ती म्हणाली. "मला जवळचं दिसत नाही हल्ली."