पदापुरतं ज्ञान

बाळ निळं पडत चाललं होतं आणि हेमांगी सिस्टरला त्याच्या घशात नळी कशी घालायची तेच आठवेना. कालपर्यंत तिला येत होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या नर्स एकमेकींना शिकवत, तिथंच ती शिकली होती. आज सकाळी व्यवस्थापनानं मेंदूतल्या चिपमार्फत प्रत्येकीचं पदाबाहेरचं ज्ञान पुसून टाकलं होतं.

डॉक्टर देवस्थळी धावत आले. त्यांनी नळी घातली आणि बाळाचा रंग पालटला.

"नशीब, मी जवळच होतो," ते म्हणाले.

"नशीब कसलं, सर? मला येत होतं. तुम्ही लोकांनी ते काढून घेतलंत." तिनं दुसरी नळी त्यांच्यापुढे धरली. "मला पुन्हा शिकवा. आत्ता."

"उद्या त्यांना कळलं की तुमचं परत पुसतील."

"पुसू देत. तोवर मी बाकीच्यांना शिकवलेलं असेल."