लाल रंग

"लाल रंग आला म्हणून हुरळून जाऊ नकोस," रजेवर जाताना लॅबमधल्या ताईने तिला बजावलं होतं. "आधी स्टॅबिलायझर, मग बाकीचं. तो नसला की सोन्याचे कण एकमेकांना चिकटतात. मग कितीही डोकं आपट, सुटायचे नाहीत."

"बाळंतपणाला निघालीस की संन्यास घ्यायला? येतं मला सगळं," ती म्हणाली होती.

आज फ्लास्क डाळिंबासारखा लाल झाला. झालं काम, असं म्हणून ती पाळणाघरातल्या आपल्या बाळासाठी दूध काढायला लॅबच्या स्टोअररूममध्ये गेली. खोक्यांमागच्या खुर्चीवर बसून, एका हाताने पंप धरून, तिने ताईला फोन लावला.

"कशी आहेस?"

"छान."

"बाळ?"

"छान."

"भावोजी आले का दौऱ्यावरून?"

"नाही. छान आहे सगळं."

मागे बाळ रडत होतं. एका पट्टीत, न थांबता. ताई त्याला 'अगं बाई, आले आले' एवढंसुद्धा म्हणाली नाही.

"घे त्याला, भूक लागली असेल," म्हणत हिनेच फोन ठेवला. छान म्हणाली ना, मग झालं.

परत येऊन बघते तर फ्लास्क निळा. तळाशी काळं बसायला लागलेलं. स्टॅबिलायझरची बाटली टेबलावर तशीच, झाकण घट्ट.

"काय गं, सोन्याची शाई केलीस?" शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हसलं.

तिला हसू आलं नाही, रडूही नाही. तिने फ्लास्क हलवला. काळं वर उठलं, पुन्हा खाली बसलं. लाल काही परत आलं नाही. मग ते तिसरं 'छान' तिच्या कानात वाजलं. प्रत्येकाला दहा सूचना दिल्याशिवाय जिना न उतरणारी ताई, आणि तीन वेळा एकच शब्द.

तिने पुन्हा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. तेच.

पाळणाघर बंद व्हायला आलंय. ताईचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आपल्या बाळाला तिथून घेऊन ती निघेलच, पण पोचायला उशीर होईल. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर तेवढी बेल वाजवा. दुसरा मजला, दाराशी बाबागाडी आहे. दार उघडून ताई म्हणेल, छान आहे सगळं. तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, बाळाला घ्या, आणि जरा वेळ तिच्याजवळ बसा.