हॉटेल जागेवर

गणित कधी खोटं बोलत नाही, असं शून्यशास्त्री नव्याने रुजू झालेल्यांना मान किंचित वर करून सांगत असत. हे सांगून जेमतेम दोन दिवस झाले असतील, तर त्यांच्याच गणिताने एक अख्खं हॉटेल हवेत सोडून दिलं.

एका ग्राहकाने तपासायला पाठवलेलं ते हॉटेल पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. पाच मजले, ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीला सज्जा, मधोमध भोजनगृह. सगळं ठिपक्यांचं. आकडेमोड सुरू झाली की हॉटेल क्षणभर थरथरायचं आणि मग, कुणाचा निरोप न घेता, संथपणे उजवीकडे निघून जायचं. भिंतीला तडा नाही, छताला बाक नाही. नुसतं जायचं.

शून्यशास्त्री हे ऑफिसने ठेवलेलं नाव. बांधकामाचं गणित म्हणजे आकड्यांचा अवाढव्य तक्ता, आणि त्यातली बहुतेक घरं शून्याची, कारण प्रत्येक तुळईची ओळख फक्त शेजारच्या तुळईशी. ती शून्यं वगळायची, उरलेलं गणित शेकडो प्रोसेसरांना वाटून द्यायचं आणि सगळ्यांची उत्तरं एकमेकांशी जुळवत न्यायची. हे काम करणारा प्रोग्रॅम, म्हणजे सॉल्व्हर, शास्त्रींनी लग्नाआधी लिहायला घेतला होता आणि अजून लिहीतच होते. बायको म्हणायची, अर्धा जन्म शून्यावर काढलात, आता निदान एकावर या.

विभागप्रमुख मॅडमनी मात्र मुदत घातली होती. शुक्रवारपर्यंत हॉटेल थांबलं नाही, तर बाजारातला तयार सॉल्व्हर विकत घ्यायचा. मग शास्त्रींचा सॉल्व्हर निवृत्त होणार आणि खुद्द शास्त्री खरेदी विभागात जाणार. तिथे खुर्च्या चांगल्या आहेत, असं मॅडम धीर देण्यासाठी म्हणाल्या.

शास्त्रींनी आधी मशीनवर संशय घेतला. मशीनरूमच्या इंजिनिअरने, मशीन ठणठणीत आहे, संशयच घ्यायचा तर घरच्यांवर घ्या, असं सांगून त्यांची बोळवण केली. मग त्यांनी गणिताचे तुकडे वेगळ्या रीतीने पाडले. हॉटेल डावीकडे गेलं. प्रोसेसर निम्मे केले. हॉटेल तिरकं वर गेलं. शेवटी सगळा भार एकाच प्रोसेसरवर टाकला आणि ते चहाला गेले. परत आले तेव्हा हॉटेल चौकटीबाहेर गेलेलं होतं आणि पडद्यावर नुसता निळा रंग उरला होता.

राग यायला हवा होता, पण येत नव्हता. दुपारी खुर्चीतच डोळा लागायचा आणि आपण वरच्या सज्जात पाय सोडून बसलो आहोत असं वाटायचं. खालून खरेदी विभाग हळूहळू सरकत जायचा, त्याच्या चांगल्या खुर्च्यांसकट. वारा कोमट असायचा. कुणी हाक मारली की शास्त्री जागे व्हायचे आणि आधी पायाखालची फरशी चाचपायचे.

गुरुवारी त्यांना उमगलं. हॉटेलला पायाच नव्हता.

तळमजल्याखालचा भाग ग्राहकाने व्यवसायाचं गुपित म्हणून चित्राऐवजी आकड्यांच्या गाठोड्यात बांधून पाठवला होता. त्या गाठोड्यात जमिनीशी जोडणारं काहीच नव्हतं. जे कुठेच धरलेलं नाही ते कुठेही जाऊ शकतं. म्हणूनच मांडणी बदलली की उत्तर बदलत होतं, आणि सॉल्व्हर बिचारा निर्दोष होता. शास्त्री जवळजवळ धावतच मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"ग्राहक पाया द्यायला विसरलेत. विचारून घेऊ का?"

"विचारा की," मॅडम म्हणाल्या. "मग तेही विचारतील, आठवडाभर काय करत होतात."

"पण पाया कसा आहे, हे कळल्याशिवाय..."

"शास्त्री, हॉटेल आहे ना ते? मग जमिनीवरच असणार. टाका बांधून."

शास्त्रींनी जागेवर येऊन तळाचे सगळे ठिपके जमिनीला घट्ट बांधले. सॉल्व्हरने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं. एका प्रोसेसरवर दिलं, शेकड्यांवर दिलं, तेच दिलं. हॉटेल थरथरलं आणि जागेवर राहिलं. छान हवा येत असताना कुणीतरी खिडकी लावून घ्यावी तसं शास्त्रींना वाटलं, पण तसं काही अहवालात लिहिता येत नाही.

अहवाल वाचून ग्राहकाने एकच शंका विचारली: पाहुण्यांना हलणं कितपत जाणवेल? शास्त्रींनी उलटटपाली कळवलं, तसूभरही नाही. असं उत्तर आजवर कुणीही दिलं नव्हतं म्हणून ग्राहक गहिवरला. मॅडम शास्त्रींच्या सॉल्व्हरला आपला सॉल्व्हर म्हणू लागल्या. पुढे उद्घाटनाचं निमंत्रण आलं, सपत्नीक, राहण्यासकट.

न्यायला गाडी आली. रस्ता लांबचा होता आणि शास्त्री बसल्या बसल्या झोपले. बायकोने उठवलं तेव्हा गाडी एका छताखाली उभी होती. तिथून गालिचा घातलेला लांबलचक बंदिस्त बोळ, मग लिफ्ट, मग खोली. खोली त्यांच्या ओळखीची होती. चौथा मजला, डावीकडून सातवी. तिच्या चारी कोपऱ्यांचे आकडे ते डोळे मिटून सांगू शकले असते. त्यांनी भिंतीवर मायेने थाप मारली, बूट काढले आणि पलंगावर आडवे झाले.

पलंग किंचित झुलला. शास्त्री डोळे मिटून हसले. प्रवासाचा शीण, दुसरं काय. आता ही सवयही मोडायला हवी.

"अहो," सज्जाचा पडदा सारत बायको म्हणाली, "जरा इकडे या."

ते मोज्यांवरच सज्जात गेले. खाली पाणी होतं. बंदरावर उभे असलेले लोक रुमाल हलवत होते आणि जाडजूड दोर आत ओढून घेतले जात होते.

हॉटेल वेळेवर सुटलं होतं.