कायदेमंडळातला चहा

लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये मी माझ्या पणजोबांवर बोलावं, हा हट्ट माझ्या मित्राचा, अतुलचाच.

पणजोबा आमच्या संस्थानाच्या कायदेमंडळाचे सभासद होते. गावची विहीर आपल्या लोकांना खुली व्हावी म्हणून ते तिथं एकटे उभे राहून भांडले आणि ठराव पास करून घेतला. मग सगळ्यांना चहा आला. पणजोबांचा कप मात्र त्या ट्रेमध्ये नव्हता. तो कायम बाहेर, खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा.

ऐकताना अतुलचे डोळे भरून आले. घरी जाताना गाडीत म्हणाला, “कसली माणसं रे! कायदे करायला शेजारी बसवायचं आणि कप वेगळा? डिस्गस्टिंग, यार!”

अतुलच्या घरी माझं दहा वर्षांचं जाणं-येणं. त्याची आई मला आठवणीनं त्याच निळ्या कपात चहा द्यायची. “हा हरिदासचा कप,” म्हणायची. मला केवढं भारी वाटायचं! एवढ्या परक्या शहरात कुणाच्या तरी घरी आपलं हक्काचं काहीतरी आहे.

त्या दिवशी काकू अजून हॉलवरच होत्या. म्हटलं, चहा मी टाकतो. त्यांच्या किचनमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. कपाट उघडलं. घरातल्या सगळ्यांचे कप होते, पाहुण्यांचेही होते. निळा दिसेना.

बाहेरून अतुल सहज ओरडला,

“अरे, तिथं नाही. तुझा खिडकीत असतो.”