माळकऱ्याची सही

"लेक सातव्या महिन्यातच आली, सर्जेराव. तिची फुफ्फुसं आतून चिकटतायत, श्वास घेता येत नाहीये. या औषधानं ती उघडी राहतील." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं केला. "वासराच्या फुफ्फुसातून काढलेलं आहे. सही करा."

सर्जेरावांचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. त्यात गोठ्यात महिन्याभराचं वासरू. शेवटी त्यांनी माळ काढून खिशात ठेवली आणि सही केली.

संध्याकाळी पोरीची छाती सावकाश वर-खाली होऊ लागली.

"आता घाला माळ," नर्स म्हणाली.

"कुठल्या तोंडानं?"

पाप झालं की पुण्य, ठरवता येईना. घरी जाऊन त्यांनी माळ सुतळी जोडून वासराच्या गळ्यात बांधली. वासरानं त्यांच्या तळहातावर ऊन श्वास सोडला.