नेबेलचा मोबदला

“किती घेतलेस, ते आधी सांग!” स्वान्तये मागच्या बाकावरून ओरडली.

हेन्रिकेने माइक सरळ केला. बर्लिनमधल्या त्या बिअरखान्याची मागची खोली खचाखच भरली होती. डिजिटल नाणी बाळगणाऱ्या याच लोकांनी तिचा पॉडकास्ट डोक्यावर घेतला होता. गेल्या महिन्यात तिने त्यात ‘नेबेल’ची जाहिरात केली. नेबेल म्हणजे डिजिटल नाण्यांचा माग पुसणारं अ‍ॅप. नाणी कुठून आली, कुठे गेली, कुणाला कळत नाही. आणि परवा त्याच नेबेलने जाहीर केलं, की काळ्या यादीतल्या पत्त्यांवरून, म्हणजे निनावी खात्यांवरून, येणारी नाणी आम्ही परत पाठवू. सरकारने सांगितलं नव्हतं, कोर्टानेही नाही. आपणहून.

“मोबदला घेतला,” हेन्रिके म्हणाली. “नाकारत नाही.”

“वर तोंड करून सांगतेय बघा!”

“यादीत कोण कोण आहे?”

“ते कंपनी सांगत नाही.”

“मग तू कशाला त्यांचं गुणगान गायलंस?”

कुणीतरी टेबलावर मूठ आपटली. पुढच्या रांगेतला ग्लास कलंडला आणि बिअर तिच्या बुटांवर सांडली. ती जागची हलली नाही.

तेवढ्यात फोल्कमार उठला आणि खोली शांत झाली. हा गट त्यानेच उभा केला होता. इथल्या निम्म्या लोकांना पहिलं नाणं कसं जपायचं, ते त्यानेच शिकवलं होतं.

“पोरी, तू आम्हाला विकलंस,” तो म्हणाला. “काल माझी नाणी परत आली. माझी! घामाची कमाई आहे ती. मी काय चोर आहे?”

लोक उभे राहिले. “थू तुझ्या पॉडकास्टवर!” स्वान्तये किंचाळली.

हेन्रिकेने गलबला ओसरू दिला.

“नेबेल तर तुम्ही सगळेच वापरता. आणखी कुणाची परत आली?”

एकही हात वर झाला नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले.

“एकाची आली, तेवढं पुरे नाही का?” स्वान्तयेने विचारलं.

“पुरे आहे,” हेन्रिके म्हणाली. “मी पैसे घेतले नाहीत. जाहिरातीच्या बदल्यात एकच पत्ता अडवून मागितला. त्या यादीत दुसरा पत्ताच नाही.”

फोल्कमार खाली बसला.

“माझे वडील अतिदक्षता विभागात शेवटचे श्वास मोजत होते, तेव्हा त्यांची सगळी नाणी ज्या पत्त्यावर गेली, तो.”